सुट्टी कोणाची, मुराळी कोण?



आपल्या चळवळीत शिबिरांची कमतरता कधीच नव्हती. कायद्याचे शिबिर, आरोग्याचे शिबिर, बचत गटाच्या हिशेबाचे शिबिर, पंचायतीत निवडून आलेल्या बायकांचे शिबिर. परभणी जिल्ह्यातल्या गावोगावच्या बायका या शिबिरांना येतात, सतरंजीवर बसून ऐकतात, बोलतात आणि संध्याकाळची एस.टी. चुकू नये म्हणून शेवटचे सत्र अर्धवट सोडून पळतात. गेल्या श्रावणात गंगाखेड तालुक्यात आम्ही दोन दिवसांचे निवासी शिबिर घेतले. त्यात ना भाषण होते, ना ठराव. बायकांनी मुक्कामाला यायचे आणि नाच शिकायचा, एवढेच. नाच कोणता, तर टँगो! त्यावरून आमच्या गटात बरीच वादावादी झाली. तो वाद आमच्यापुरता नाही असे मला वाटते, म्हणून हे संपादकीय त्यावर.

टँगो हा दक्षिण अमेरिकेतला नाच. अर्जेंटिनातले ब्यूनोस आयरेस आणि नदीपलीकडचे उरुग्वेमधले मोंतेविदेओ या दोन बंदरांच्या गरीब वस्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो घडला. पोटासाठी युरोपातून आलेले मजूर, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज आणि तिथले स्थानिक लोक यांनी मिळून तो घडवला. २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. हा जोडीने करायचा नाच आहे. पावलांचा क्रम आधी ठरलेला नसतो. एकाने न्यायचे, दुसऱ्याने त्याच्या अंगाच्या हालचालीवरून दिशा ओळखून यायचे. परंपरेने नेणारा पुरुष आणि येणारी बाई. परदेशात आता फक्त बायकांसाठी टँगो शिकवणाऱ्या सुट्ट्या असतात, तिथे बाई दोन्ही भूमिका शिकते. आमची एक मैत्रीण अशा सुट्टीला जाऊन आली होती. ती गावी आली तेव्हा तिलाच आम्ही शिकवायला बोलावले.

बायका वीस-बावीस होत्या. वय अठरापासून साठीपर्यंत. साडीचा ओचा खोचून, अनवाणी, एका शाळेच्या खोलीत. पहिला दिवस नुसते चालण्यात गेला. एकीने न्यायचे, दुसरीने डोळे मिटून यायचे. मला वाटले होते की दुसऱ्याच्या मागून चालणे आपल्या बायकांना सोपे जाईल, जन्मभर तेच शिकवलेले असते. पण बहुतेकींना ते जमेना. समोरचीने पाऊल उचलायच्या आत त्या पुढे जाऊन मोकळ्या व्हायच्या. घरात दुसऱ्याला काय हवे ते त्याने मागायच्या आधी ओळखायची सवय झालेली. आपल्याला कुणी सांभाळून नेईल आणि आपण नुसते थांबायचे, हे अंगाला ठाऊकच नव्हते. आणि नेण्याची पाळी आली की त्याच बायका जागच्या जागी उभ्या. “पर नेऊ कुठं, ताई?” असे एकीने विचारले. खोलीभर हसू झाले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांनीच फुगडी काढली. टँगोत कुणीतरी नेते, कुणीतरी येते. फुगडीत तसे नाही. पायाशी पाय जुळवायचे, हात तिढ्यात धरायचे आणि दोघींनी मागे रेलायचे. दोघींचा भार दोघींवर. आमच्या पाहुण्या मैत्रिणीला हे फार आवडले. पण आपण आपल्या परंपरेच्या प्रेमात पडायचे कारण नाही. त्याच खोलीत एक बाई भिंतीला टेकून बसली होती. नवरा गेल्यापासून तिला कुणी फुगडीला बोलावले नव्हते. टँगो तिला चालला, कारण त्याला हळदीकुंकू लागत नाही. फुगडीला ती उठली ती तिघीचौघींनी ओढल्यावर.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप आमच्याच कार्यकर्त्यांचा. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या करतो आहे, बाई पाण्यासाठी मैलभर चालते आहे आणि तुम्हाला नाच सुचतो? प्रश्न रास्त आहे. पण विश्रांतीला चैन कुणी ठरवले? केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे दिसले. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या बायका ऊसतोडीला जातात तेव्हा नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल घेतलेली असते, आणि दिवस भरला नाही तर खाडा, म्हणजे दंड. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे त्यामागचे एक कारण बायकांनीच सांगितले आहे. सुट्टी मिळत नाही म्हणून बाई अवयव काढून टाकते, तिथे सुट्टी हा हक्काचाच प्रश्न आहे. मजुरी, पाणी, जमीन यांच्या शेजारीच तो मांडायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा. आमची एक सहकारी शिबिराला आली, स्वयंपाकाला हात लावला, पण नाचली नाही. ती म्हणाली, “तुमच्यासाठी नाच ही सुट्टी. माझ्या आजीसाठी तो रोजगार होता, आणि जातीने लादलेला होता. लोकांनी पैसे फेकले आणि वर नावंही ठेवली. मला नको.” यावर उत्तर देण्याची घाई मी करणार नाही. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी घातली तेव्हा हाच पेच आपल्यासमोर होता. काही संघटना बारबालांच्या रोजगाराच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या, तर दलित स्त्री-चळवळीतल्या काहींनी या धंद्यामागची जात दाखवून दिली. उच्च न्यायालयाने २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बंदी रद्द ठरवली, पण जातीचा प्रश्न निकालाने सुटला नाही. एका जातीच्या बाईने दुसऱ्यांसाठी नाचायचे आणि ‘घरंदाज’ बाईने पायही हलवायचा नाही, हे एकाच व्यवस्थेचे दोन नियम आहेत. म्हणून आमच्या शिबिरात एक नियम झाला: बघायला कुणी नाही, फोनवर चित्रण नाही, आणि न नाचणारीला कारण विचारायचे नाही.

टँगोच्या बैठकीला मिलोंगा म्हणतात. तिथे जुनी रीत अशी की दुरून नजरेने विचारायचे. मनात नसेल तर दुसऱ्याने नजर वळवायची. रीत चांगली, पण रीतीने छळ थांबत नाही. २०१५ साली ‘नी ऊना मेनोस’, म्हणजे ‘एकही कमी होता कामा नये’, म्हणत अर्जेंटिनाच्या बायका हिंसाचाराविरुद्ध रस्त्यावर आल्या. पुढे तिथल्या टँगो नाचणाऱ्या स्त्रीवाद्यांनी मिलोंगातल्या छेडछाडीविरुद्ध नियमावली केली. नाच आणि चळवळ त्यांनी वेगळी ठेवली नाही.

आपल्याकडे बाईची सुट्टी म्हणजे माहेर. पंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. पण उकडायला बाईच. आणि माहेरी जायचे तर न्यायला मुराळी यायला हवा. भाऊ आला नाही तर सुट्टी नाही. भाऊ नसलेलीचे काय, सासरने पाठवलेच नाही तर काय, माहेरच तुटले असेल तर काय?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने वर्षातून दोन दिवस बायकांच्या सुट्टीसाठी ठेवावेत. ऊसतोडीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नको, खुरपणीची घाई सरल्यावर. बुडालेल्या रोजाची भरपाई गटाच्या निधीतून द्यावी. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासखर्च झेपतो. लहान मुले सोबत येऊ देत, त्यांना सांभाळायला गटाशी जोडलेले पुरुष बोलवावेत. स्वयंपाक शिबिरातल्या एकाही बाईने करू नये. आमच्याकडे ते अजून साधलेले नाही. नाच टँगोच हवा असे नाही. जिंतूरकडच्या तांड्यावरच्या बायकांना आपल्याला शिकवण्यासारखे पुष्कळ येते. आणि घरी विचारायला जाताना बाईला एकटीला पाठवू नये. दोघीतिघींनी तिच्या दारात जावे आणि सांगावे की हिला न्यायला आलो आहोत.

तुमच्या गटाने असे काही केले असेल, करताना अडचण आली असेल किंवा हे सारे तुम्हाला पटत नसेल, तर जरूर लिहा. पुढच्या अंकात पाने राखून ठेवते आहे.