एक कोयता म्हणजे दोन माणसं

मुलीकडे अमेरिकेत गेले होते तेव्हा तिने ओक्लाहोमातल्या पोन्का सिटी गावी नेलं होतं. तिथे १९३० साली बसवलेला एका बाईचा भला मोठा ब्राँझचा पुतळा आहे. डोक्याला टोपडं, हाताला धरलेला मुलगा, चाल तरातरा. नव्या मुलखात वस्ती करायला पश्चिमेकडे गेलेल्या बायकांच्या धाडसाची आठवण म्हणे. (ती जमीन आधी कुणाची होती, हे मी मनातच ठेवलं.) मला मात्र तिथे आमच्या मानोऱ्याकडचे तांडे आठवत राहिले.

मंडळी, मी त्या भागात बरीच वर्षं शिक्षिका होते. शाळेत निम्मी मुलं तांड्यावरची. पोहरादेवी जवळच, बंजाऱ्यांची काशी. तिथे ५ ऑक्टोबर २०२४ ला नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. चांगलंच झालं. या लोकांनी शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य देशभर फिरवलं. टॅव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांचे काफिले पाहिले आणि सोबत बायकापोरं असतात हेही लिहून ठेवलं. म्हणजे चूल रस्त्यावर, बाळंतपणही रस्त्यावर. पुढे रेल्वे आली, १८६७ ला नागपूरपर्यंत पोचली आणि लदेणी बसली. वर १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का निघाला १९५२ ला. इतिहासातल्या त्या बाईचं कौतुक आता सगळेच करतात. तिच्या घागरा-काचळीसोबत फोटोही काढून घेतात.

पण दसरा-दिवाळी झाली की तिचीच नात-पणती ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडे, ऊसतोडीला जाते, तिचं काय? मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात, नोंद नवऱ्याच्या नावाची. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. पहाटे उठून पाचटाच्या कोपीत भाकरी तिनेच थापायची. पाच-सहा महिने हेच. माझं स्पष्ट मत आहे की तिचा सन्मान करायचाच असेल तर आधी तिला वेगळी मोजा. तिच्या नावाची उचल, तिच्या नावाची मजुरी. पुतळ्याचं मग बघू.

हे मी मोठ्या तोंडाने सांगतेय, पण मीही तिला कुठे मोजलं होतं? सहावीत माझ्याकडे एक मुलगी होती. गणितात फार हुशार. आई सात महिन्यांची पोटुशी असताना निघाली, धाकट्याला सांभाळायला हिला घेऊन. निघताना मी त्या आईला शाळेच्या फाटकातच झापलं होतं, तुम्हाला शिक्षणाची किंमत नाही म्हणून. नंतर हजेरीपटावर लाल शाईने गैरहजेरी मांडत राहिले आणि शेवटी नाव कमी केलं. नियमच तसा होता. एप्रिलमध्ये आई परत आली, कडेवर कोपीत जन्मलेलं बाळ. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी मोळ्या बांधायला उभी राहिले, असं तिने इतकं सहज सांगितलं की मला वर बघवेना. मुलगी शाळेच्या कुंपणाबाहेर उभी होती. आत आली नाही, आणि मीही आत ये म्हटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर स्टँडजवळ ट्रक भरत होता. भांडी, सरपण, एक शेळी, आणि वर बसलेल्या बायका. त्यातल्या एकीने हाक मारली, "बाई, बरं हाये नं तुमचं?" तीच होती. केस पांढरे व्हायला लागलेत.

मी विचारलं, पोरं कुठे?

"पोरगी आईपाशी ठेवली, शाळेत जाते. तिचं नाव काटू नका म्हनाव तिथल्या बाईले."