ठाण्यातली समुपदेशकाची खुर्ची कोणाच्या बाजूची?

१९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवायची, मार खाऊन आलेल्या बाईचे आधी नीट ऐकायचे, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. पुढे हे कक्ष राज्यभर गेले. त्या कल्पनेशी आमचे भांडण नाही. ठाण्यात तिचे जे होते, त्याच्याशी आहे.

आमच्यातल्या काहींनी या खुर्चीवर काम केले आहे. एकदा वस्तीतली एक मुलगी आली. लग्न आंतरजातीय, सासर सवर्ण. मारहाण होतीच; वर सासू सार्वजनिक नळावर चारचौघींसमोर जातीवरून शिव्या द्यायची. हवालदार म्हणाले, "मॅडम, घरचा मामला आहे, जरा समजावून पाठवा." नोंदवहीत लिहिले गेले, 'कौटुंबिक वाद'. जात गायब! आणि ते लिहिणारा हात आमच्यातलाच होता, हे कबूल केले पाहिजे.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १८अ २०१८ साली आले. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे ते स्पष्ट सांगते. मग समुपदेशनाची अट कुठून आली? तडजोडीच्या तारखा देणे म्हणजे मागच्या दाराने तीच चौकशी आणणे. कलम ४ नुसार कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा, अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा लोकसेवक तुरुंगात जाऊ शकतो. हे ठाण्याच्या भिंतीवर लावलेले आम्ही तरी पाहिलेले नाही.

जातिवाचक शिवीगाळीत शिवी कुठे दिली, बाहेरचे कोणी होते का, यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना दिलेली शिवी 'लोकांच्या नजरेसमोर' या अटीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटले. म्हणजे "नळावर कोण कोण होतं, ताई?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा. आम्ही तो ती दुसऱ्यांदा आली तेव्हा विचारला. गुन्हा नोंदला गेला, पण उशिरा. आणि आता आरोपीचा वकील त्या उशिरावरच बोट ठेवतो.

दोष फक्त समुपदेशकाचा नाही. काम कंत्राटी, मानधन तुटपुंजे, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. बसायला जागा ठाण्याची, खुर्चीही ठाण्याचीच. अशा बाईने साहेबाला "नाही" कोणत्या बळावर म्हणायचे? म्हणून पदे कायम करा, ती महिला व बालविकास खात्याच्या अखत्यारीत ठेवा, आणि प्रशिक्षणात अ‍ॅट्रॉसिटी कायदा सक्तीचा करा.

आणि समाजकार्य, समाजशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींनो, एमपीएससीचे चार अटेम्प्ट झाले की या नोकरीचा अर्ज भरायला लाजू नका. वस्तीतली बाई काय सांगायचे टाळते आहे, हे तुम्हाला लवकर कळेल.