लोखंडाच्या पुढची स्वदेशी

लोखंडी नांगराने जमीन नासते, ही समजूत लक्ष्मणराव किर्लोस्करांना सर्वप्रथम मोडावी लागली. १९१० साली औंध संस्थानातील उजाड माळावर वसलेली, आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे त्या शंकेला मिळालेले कृतिशील उत्तर होते.

आज तीच शंका मोटारीच्या पत्र्याविषयी आहे. काचतंतू व राळ यांचे संमिश्र तेवढ्याच आकारमानाच्या पोलादाच्या सुमारे एक चतुर्थांश वजनाचे असते. मोटारीचे वजन १० टक्क्यांनी घटले, तर साधारण ६ ते ८ टक्के इंधन वाचते. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या राष्ट्रासाठी ही केवळ घरखर्चाची बाब नव्हे.

हे तंत्र आपल्याला अपरिचितही नाही. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्यांची पाती काचतंतूंचीच आहेत. ‘तेजस’च्या सांगाड्याचे सुमारे ४५ टक्के वजन संमिश्रांचे आहे.

मात्र उत्साहाला विवेकाची जोड हवी. बॉनेट वा डिकीचे झाकण बदलणे वेगळे आणि अपघाताचा धक्का झेलणारा सांगाडा बदलणे वेगळे. शिवाय पोलाद वितळवून पुन्हा वापरता येते. राळेत घट्ट झालेला तंतू तसा वितळत नाही.

म्हणूनच संमिश्रांची रचना, चाचणी आणि पुनर्वापर हे सांगलीचे वालचंद व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या संशोधनाचे आणि तेथील कारखानदारांच्या सहकार्याचे विषय व्हावेत. परकीय तेलाऐवजी परकीय तंतूंवर विसंबणे, याला स्वदेशी म्हणता येणार नाही.