दारूवर समुद्राचा उतारा?

वसमतला माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की एक तरी गिऱ्हाईक हमखास: डोळे लाल, हात थरथरणारे, "लिव्हरचं टॉनिक द्या." पाठोपाठ डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल. रोज पिणाऱ्याला हीच गोळी जास्त झाली तर यकृताला महागात पडते, हे मी सांगतो, ऐकतं कोण! आता मोबाइलवर पाहून समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलची विचारणा सुरू झालीय.

यातलं विज्ञान थाप नाही. दारूनं आतड्याचं अस्तर कमकुवत होतं, जंतूंचं विष रक्तावाटे थेट यकृतात पोचतं आणि तिथं सूज येते. तपकिरी शेवाळातलं फ्युकॉइडन, कोळंबीच्या टरफलापासून बनणारं कायटोसन हे नुकसान कमी करतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. उंदरांवर! कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं शेवाळापासून यकृतासाठी उत्पादन काढलं, पण तेही दारूविना होणाऱ्या फॅटी लिव्हरसाठी. हळदीच्या गावात राहतो म्हणून सांगतो, नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनीही काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

उलट, दारूमुळे झालेलं सुरुवातीचं फॅटी लिव्हर पिणं थांबवलं की बहुतेकदा काही आठवड्यांत सुधारतं. फुकटात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकदम सोडू नये, फिट येऊ शकते. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना गाठा आणि कॅप्सूलचे पैसे घरात द्या.