राखीव फळीचे अर्थकारण

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलच्या जगात गेली काही वर्षे एकच आक्रोश ऐकू येत आहे. खेळाडू टिकत नाहीत. आज या विद्यापीठात असलेला तरुण उद्या दुसऱ्याचा गणवेश चढवतो. त्यामुळे संघांची राखीव फळी पोकळ झाली आहे, असा हा आक्रोश. तो करणाऱ्यांत प्रशिक्षक आहेत, विद्यापीठांचे क्रीडासंचालक आहेत, देणगीदार माजी विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या सुरात सूर मिसळणारे क्रीडापत्रकारही आहेत. आक्रोशात तथ्य नाही असे नाही. परंतु ही फळी पूर्वी भरीव होती ती कशाच्या बळावर, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. तो विचारला की खेळाचा म्हणून मांडला जाणारा हा प्रश्न मुळात श्रमाचा आहे, हे ध्यानात येते.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडूच्या या खेळात मैदानावर एका वेळी अकराच खेळाडू असतात. पण चढाईचे अकरा निराळे, बचावाचे अकरा निराळे आणि लाथेने चेंडू मारण्याच्या कामाचे आणखी निराळे. खेळ अंगावर आदळण्याचा असल्याने दुखापत ही नित्याची बाब. त्यामुळे प्रत्येक जागेसाठी एक, दोन, तीन असे क्रमांक लावलेले खेळाडू बाळगावे लागतात, आणि मोसमाच्या अखेरीस कोणता संघ उभा राहील हे बहुधा पहिल्या क्रमांकावरून नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्यावरून ठरते. तिसऱ्या क्रमांकाचा मुलगा आठवडाभर सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून पहिल्या फळीचा मार खातो आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसतो. मुंबईच्या गिरणीच्या दारात रोज सकाळी कायम कामगाराच्या गैरहजेरीची वाट पाहत उभा राहणारा बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या बाकाचे अर्थशास्त्र समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच, की बदलीवाल्याला त्या दिवशी काम मिळाले नाही तर निदान दुसऱ्या गिरणीच्या दारात जाता येत असे.

या मुलाला तीही सोय नव्हती. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था, जी तेथे एनसीएए या नावाने ओळखली जाते, तिच्या नियमांनुसार फुटबॉलपटूने विद्यापीठ बदलले तर त्याला एक वर्ष खेळाविना काढावे लागे. दुसऱ्या विद्यापीठाशी शिष्यवृत्तीची बोलणी करायची तर मूळ विद्यापीठाची संमती लागे, आणि ती नाकारण्याचा अधिकार प्रशिक्षकाच्या हाती असे. उलट बाजूस, १९७३ मध्ये बहुवर्षीय शिष्यवृत्ती बंद होऊन ती दरवर्षी नूतनीकरणाच्या अटीवर आली. म्हणजे मालकाला दरसाल मोकळीक आणि मजुराला बांधिलकी! प्रशिक्षकाला मात्र कसलेही बंधन नव्हते व आजही नाही. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर मिसिसिपी विद्यापीठाचा प्रशिक्षक राष्ट्रीय बादफेरी तोंडावर आली असताना लुइझियाना राज्याच्या विद्यापीठात निघून गेला. त्याला एक वर्ष बाकावर बसण्याची शिक्षा कोणी सुनावली नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये आपल्या प्रशिक्षकाला काढून टाकले तेव्हा करार मोडल्यापोटी त्याला देय झालेली रक्कम साडेसात कोटी डॉलरांहून अधिक होती. न केलेल्या कामाचे इतके मोल मिळणारा नोकर भांडवलशाहीतही दुर्मिळच.

या व्यवस्थेला नैतिक झिलई देण्याचे काम 'विद्यार्थी-खेळाडू' या शब्दाने केले. १९५१ ते १९८७ अशी छत्तीस वर्षे या संस्थेचे मुख्याधिकारी असलेले वॉल्टर बायर्स यांनी तो रूढ केला. हेतू वाङ्मयीन नव्हता. जखमी खेळाडू हा कामगार ठरला तर कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू होईल, ही धास्ती त्यामागे होती. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यातील आघाताने मरण पावला. त्याच्या विधवेने मागितलेली भरपाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये नाकारली. कारण काय, तर फुटबॉल हा महाविद्यालयाचा व्यवसाय नाही! याच बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ मध्ये पुस्तक लिहून आपणच उभारलेल्या व्यवस्थेला मळेवाल्यांच्या राज्याची उपमा दिली. ज्या खेळात कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण एवढे मोठे, तेथे या उपमेचा अर्थ अमेरिकन वाचकाला उलगडून सांगावा लागला नसेल.

सबळ संघांची सखोल राखीव फळी या बांधिलकीवर पोसलेली होती. १९७३ पूर्वी शिष्यवृत्त्यांच्या संख्येला देशव्यापी मर्यादा नव्हती, आणि बडी विद्यापीठे गरजेपेक्षा कितीतरी अधिक मुले भरती करीत. मुलगा आपल्याकडे खेळला नाही तरी चालेल, प्रतिस्पर्ध्याकडे खेळता कामा नये, हा हिशेब. पुढे मर्यादा घालण्यात आली आणि १९९४ पासून ती ८५ वर स्थिरावली. तरीही ८५ मधील पन्नासएक जण वर्षानुवर्षे वाट पाहत राहत. मार्क्सने औद्योगिक राखीव फौजेचे वर्णन केले ते कारखान्याबाहेरच्या बेकारांचे. येथे ही फौज कारखान्याच्या आतच, गणवेश घालून बसविलेली होती.

जो बरोचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ओहायो राज्य विद्यापीठात तीन वर्षे राखीव राहिलेला हा क्वार्टरबॅक २०१८ मध्ये लुइझियानात गेला. पदवी हाती असल्याने त्याला वर्षभर बसण्याची अट लागू नव्हती. पुढच्याच मोसमात त्या संघाने पंधरापैकी पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि बरो देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडू ठरला. ओहायोची 'खोली' कमी झाली हे खरे. परंतु देशाच्या खेळात भर पडली की घट झाली?

बंध तुटले ते टप्प्याटप्प्याने. ऑक्टोबर २०१८ मध्ये संघांतराची नोंदवही सुरू झाली आणि प्रशिक्षकाच्या संमतीची गरज संपली. २०२१ मध्ये एकदा संघ बदलताना वर्षभर बसण्याची अट गेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक लाभांवरील मर्यादांच्या खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमुखी निर्णय दिला आणि खेळाडूंना आपल्या नावाच्या व छबीच्या वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये, न्यायालयात मार खाल्ल्यानंतर, संघांतराच्या संख्येवरील निर्बंधही उठला. आता दरवर्षी हजारो खेळाडू या नोंदवहीत नाव घालतात.

काही जण या मुलांना 'आयाराम-गयाराम' म्हणण्याच्या पंक्तीत जाऊन बसतील. ही तुलना अन्यायाची आहे. पक्षांतर करणारा आमदार मतदारांनी दिलेला कौल विकतो. संघांतर करणारा खेळाडू केवळ आपली श्रमशक्ती दुसरीकडे नेतो, आणि ती त्याचीच असते.

मात्र बांधिलकी गेली म्हणजे न्याय आला, असेही समजण्याचे कारण नाही. फ्लोरिडा राज्य विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये तेराही सामने जिंकला. त्याचा क्वार्टरबॅक लुइव्हिलहून आलेला, एक आघाडीचा बचावपटू ऑल्बनीहून आणि चेंडू झेलणारा प्रमुख खेळाडू मिशिगन राज्य विद्यापीठातून. म्हणजे संघ उभा राहिला तोच संघांतरावर. नोव्हेंबरात क्वार्टरबॅक जायबंदी झाला, आणि अपराजित असूनही संघाला राष्ट्रीय बादफेरीत स्थान नाकारले गेले. मग गळती लागली. कोणी व्यावसायिक निवडीच्या तयारीसाठी बाजूला झाले, कोणी दुखापतींमुळे, कोणी नोंदवहीत नाव घालून. दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅकही त्यांतच. ३० डिसेंबर रोजी ऑरेंज बाउलच्या सामन्यात दोन डझनांहून अधिक खेळाडूंविना, प्रथम वर्षाच्या क्वार्टरबॅकला घेऊन संघ उतरला आणि जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला. जॉर्जियाचेही काही खेळाडू गेले होते. पण त्याच्याकडे तिसरी फळी शिल्लक होती. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने पुन्हा बाहेरून खेळाडू आणले आणि बारांपैकी दहा सामने गमावले. घरच्या रोपांची निगा न राखता बाजारातून झाडे आणून लावलेल्या बागेची अवस्था निराळी काय होणार?

लहानांची कथा याहून बोलकी आहे. कॅम वॉर्ड हा क्वार्टरबॅक टेक्सासमधील इन्कार्नेट वर्ड या छोट्या विद्यापीठात घडला; तेथून २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात, तेथून २०२४ मध्ये मायामीत आणि २०२५ मध्ये व्यावसायिक निवडीत देशात पहिल्या क्रमांकावर. त्याच्या प्रगतीबद्दल कोणी खंत बाळगू नये. पण ज्या दोन संस्थांनी त्याला घडवले, त्यांच्या पदरात काय पडले? वॉशिंग्टन राज्यात त्याची जागा घेणारा तरुणही एका वर्षाने ओक्लाहोमाला गेला. इंडियानाचा संघ अनेक दशके पराभवासाठीच प्रसिद्ध होता. २०२३ च्या मोसमानंतर जेम्स मॅडिसन विद्यापीठाचा प्रशिक्षक तेथे आला तो आपले डझनभर खेळाडू बरोबर घेऊनच. पुढच्या मोसमात इंडियानाने अकरा सामने जिंकले आणि त्यापुढच्या मोसमात राष्ट्रीय विजेतेपद. जेम्स मॅडिसन कोसळले नाही. त्याने आपली भरती आपल्याहून खालच्या पायरीवरून केली. शिडी अशी आहे. तळाच्या पायरीवर जो उभा आहे त्याने कोणाकडून घ्यायचे, याचे उत्तर शिडीत नाही.

सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये बेसबॉलच्या श्रमबाजारासंबंधी एक सिद्धान्त मांडला. खेळाडू क्लबला बांधलेला असो वा मोकळा असो, शेवटी तो जेथे त्याचे मोल सर्वाधिक तेथेच जाईल. बांधिलकीने फक्त पैसा खेळाडूऐवजी मालकाच्या खिशात जातो, असा त्याचा आशय. धनिक संघांचे वर्चस्व रोखण्यासाठी बंधने हवीत, या मालकांच्या युक्तिवादाची त्याने हवाच काढून घेतली. विद्यापीठीय फुटबॉलला हा सिद्धान्त जसाच्या तसा लागू होत नाही, कारण बेसबॉलचा लहान क्लब खेळाडूचा करार विकून निदान रोकड घेत असे. विद्यापीठाला ना विकता येई, ना आज काही मिळते. म्हणूनच दोन उलटे प्रवाह एकाच वेळी दिसतात. लहान संघातील उत्तम खेळाडू वर जातो, आणि बड्या संघाच्या बाकावर कुजणारा खाली येऊन खेळू लागतो. वर्तमानपत्रे पहिल्या प्रवाहावर रकाने भरतात. दुसऱ्याने कित्येक लहान संघांची फळी भरून निघाली आहे, याची वार्ता होत नाही.

खरी हानी झाली आहे ती या दोहोंत न मोडणाऱ्यांची. नोंदवहीत नाव घातले की चालू सत्राच्या अखेरीस मूळ विद्यापीठ शिष्यवृत्ती थांबवू शकते, आणि नाव घालणाऱ्या प्रत्येकाला नवे विद्यापीठ मिळतेच असे नाही. तयार माल बाजारात उपलब्ध असताना शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलाला तीन वर्षे घडविण्याचा खर्च प्रशिक्षक का करील? बावीस-तेवीस वर्षांच्या अनुभवी तरुणाला जागा मिळते, आणि कनिष्ठ वर्गातील ज्या मुलाला खेळामुळेच महाविद्यालयाचे दार उघडायचे, त्याला ते बंद होते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई आणि चालू खेळाडूंना प्रत्येक विद्यापीठाच्या उत्पन्नातून पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत वाटा देऊ केला. ही मोठी कमाई आहे. परंतु त्याच तडजोडीने फुटबॉल संघाची एकूण संख्या १०५ वर आणली, आणि शिष्यवृत्तीविना हौसेने सराव करणाऱ्या मुलांवर अनेक ठिकाणी गदा आली. शिवाय वाट्याची कमाल मर्यादा कोणी ठरवली? ज्यांना वेतन मिळायचे त्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी होऊन ती ठरलेली नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्येही वेतनमर्यादा आहे. पण तेथे खेळाडूंची युनियन टेबलाच्या पलीकडे बसते.

मर्म येथे आहे. राखीव फळी टिकवायची तर ती दोनच मार्गांनी टिकते : साखळीने किंवा कराराने. प्रशिक्षकांना साखळी परत हवी आहे. संघांतरावर पुन्हा निर्बंध आणि न्यायालयांपासून संरक्षण यांची मागणी त्यासाठीच आहे. कराराचा मार्ग असा, की तिसऱ्या क्रमांकाच्या मुलालाही किमान वेतन, दुखापतीनंतरच्या उपचारांची हमी, पदवीपर्यंत न तुटणारी शिष्यवृत्ती आणि दोन-तीन वर्षांची निश्चिती मिळावी, व त्या मोबदल्यात त्याने तितकी वर्षे राहण्याचे मान्य करावे. जागतिक फुटबॉलमध्ये २००१ पासून खेळाडूच्या हस्तांतरण रकमेतील पाच टक्के हिस्सा त्याला घडविणाऱ्या क्लबांना मिळतो. तसा हिस्सा बड्या विद्यापीठांच्या दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातून, खेळाडूच्या कमाईला हात न लावता, लहान संस्थांना देता येईल. पण करार करायला दुसरा पक्ष लागतो, आणि तो उभाच राहू नये यासाठी सारी शक्ती पणाला लावली जात आहे.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये युनियनची मागणी केली. कामगार मंडळाच्या विभागीय संचालकाने त्यांना कामगार ठरवले, मतदानही झाले. पण ऑगस्ट २०१५ मध्ये राष्ट्रीय मंडळाने अधिकारक्षेत्र वापरण्यास नकार दिला आणि ती मते कधी मोजलीच गेली नाहीत. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली. विद्यापीठाने वाटाघाटींस नकार दिला. अमेरिकेत सत्तांतर झाल्यावर मंडळाची रचना बदलणार आणि प्रतिकूल पायंडा पडणार हे ओळखून युनियनने ३१ डिसेंबर २०२४ रोजी अर्ज मागे घेतला. त्या संघातील काही मुले खेळाचा सराव आटोपून विद्यापीठाच्या भोजनगृहात पाळी करीत, आणि तेथील विद्यार्थी-कामगारांची युनियन आधीच मान्य झालेली होती.