जामीन कोण राहतो?

परदेशी अभ्यासकांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्या विद्यापीठीय वर्तुळात दोनच सूर लागतात. एक म्हणतो, बाहेरच्यांना आमच्या इतिहासात आणि आमच्या पाड्यांत शिरू द्यायचेच कशाला? दुसरा म्हणतो, विचारस्वातंत्र्य धोक्यात आहे, पाहुण्या विद्वानाचे रक्षण झालेच पाहिजे. हे सूर एकमेकांचे वैरी. पण दोघांनाही दिसतो तो परका विद्वानच. त्याच्या शेजारी उभा असलेला येथला माणूस कोणालाच दिसत नाही. प्रस्तुत लेखाचे भांडण म्हणून दोघांशीही आहे.

जव्हार-मोखाड्याकडे अभ्यासकांचे पाय वळतात ते काही ठरावीक कारणांनी. वारली चित्रे, बोहाड्याचे मुखवटे, आणि १९९२ साली वावर-वांगणीत झालेल्या बालमृत्यूंपासून या मुलखाच्या नावाला चिकटलेले कुपोषण. परदेशी पाहुणा उतरला की यजमानाने २४ तासांत त्याचा फॉर्म भरायचा असतो. व्हिसा, विद्यापीठाचे पत्र, वकिलातीच्या प्रवास-सूचना हे सारे त्याच्या पिशवीत असते. हे कागद पोलीस ठाण्यात चालतात. पाड्यावर चालत नाहीत. तेथे चालतो तो शब्द. अंगणवाडीची सेविका, शाळेतले गुरुजी किंवा मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा एखादा पदवीधर पोरगा सांगतो, 'हा माणूस आपल्या ओळखीचा आहे', आणि दारे उघडतात. तोच बोलीतले बोलणे मराठीत आणतो, तोच कोठे काय विचारू नये हे सुचवतो. तो या पाहुण्याचा जामीन असतो. मात्र त्याचे नाव कोणत्याही फॉर्मवर नसते.

हा शब्द किती मोलाचा आहे, हे याच जिल्ह्यात कळून चुकले आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांनी धास्तावलेल्या जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. पोलीस समोर असूनही ते वाचले नाहीत. अफवेपुढे गणवेश तोकडा पडतो, हा त्या रात्रीचा अर्थ आहे.

परंतु जामिनाचे स्वतःचे काय होते? हा प्रश्न नवा नाही. गोदावरी पारुळेकर परदेशी नव्हत्या; पण पुण्याच्या सुशिक्षित घरातून वारल्यांत आलेल्या त्या बाहेरच्याच होत्या. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे हजारो वारली जमले, ते बाईंच्या जिवाला धोका असल्याचा निरोप त्यांच्यात पसरवला गेला म्हणून. हा निरोप जमीनदारांचा डाव होता, असे पारुळेकरांचे कथन आहे. १० ऑक्टोबरला पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच वारली मारले गेले. बाई तेथे नव्हत्याच. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपण आत्मकथन म्हणून अभ्यासतो, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आठवतो; बाहेरच्या माणसाच्या सुरक्षिततेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र परीक्षेत येत नाही.

तलवाड्यापासून पुण्याच्या विद्याक्षेत्रापर्यंत अंतर मोठे आहे, हिशेब तोच. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तक २००३ साली आले. त्यातील एका मजकुराने लोक दुखावले. त्या मजकुरावर कठोर टीका करण्याचा हक्क कोणालाही होता आणि आहे. प्रकाशकाने नोव्हेंबरमध्ये पुस्तक मागे घेतले. लेखक अमेरिकेत होता. मग राग कोणावर निघाला? ऋणनिर्देशात ज्यांचे आभार मानले होते त्यांच्यावर. डिसेंबर २००३ मध्ये संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळे फासण्यात आले. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. पुढे शासनाने बंदी घातली. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखक-प्रकाशकांवरील फौजदारी गुन्हा रद्द केला, आणि बंदी उठवणारा उच्च न्यायालयाचा निर्णय २०१० मध्ये कायम केला. न्याय लेखकाला मिळाला, प्रकाशकाला मिळाला. पुस्तकाचे एक पानही न लिहिलेल्या माणसाच्या तोंडाला फासलेले काळे कोणत्या निकालाने पुसले?

यातून आपण काढलेला धडा लज्जास्पद आहे: मदत करा, पण नाव नको. यास सावधगिरी म्हणतात. मी यास भित्रेपणा म्हणतो, कारण ही सावधगिरी प्राध्यापकालाच परवडते. मोखाड्याच्या पोराचे नाव गावाला आधीच ठाऊक असते. तो कोणत्या आडनावामागे लपणार?

मग परक्यांनी येऊच नये काय? मुळीच नाही. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीसोबत नोंदले. तेथे नाव हा तिचा मान झाला. गेल ऑम्व्हेट संशोधनासाठी आल्या, १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये कासेगावातच वारल्या. प्रत्येकाने असे राहावे असे नाही. परंतु परतीचे तिकीट ज्याच्या खिशात आहे त्याने, ज्याच्या खिशात ते नाही त्याचा विचार आधी करावा, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. ज्याचे आभार मानायचे त्याला छपाईपूर्वी विचारावे. त्याच्या गावाविषयी, त्याच्या श्रद्धांविषयी जे लिहिले ते त्याला मराठीत वाचून दाखवावे, आणि तो रागावला तर तो राग ऐकून घ्यावा. उद्या वाद पेटला तर ज्या विभागाने शिफारसपत्र दिले त्याच्या प्रमुखाने जव्हारच्या एस. टी. स्थानकावर उतरून त्या पोराच्या शेजारी उभे राहावे. निषेधाचे पत्रक पुण्यामुंबईतून काढणे पुरेसे नाही.

आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. यापुढे संशोधनग्रंथ हाती घ्याल तेव्हा ऋणनिर्देश ओलांडून पहिल्या प्रकरणाकडे धावू नका. ते पान नीट वाचा. त्यातील कोणती नावे विमानाने परतली आणि कोणती मागे राहिली, हे आधी पाहा.