बॅटरी लो!

गेल्या शनिवारी शहापूरला मित्राच्या फार्महाऊसवर गेलो. छपरावर सोलर पॅनल, म्हणून आम्ही बिनधास्त. आठला लाइट गेली आणि नऊला बॅटरीनेही मान टाकली. राखणदार काका हसले, ‘दादा, म्हातारी झाली ती!’

मोठ्या प्रमाणावरही हीच रड आहे, बॉस. ऊन दुपारी, एसी रात्री. मधल्या वेळात वीज साठवायची कुठे? लिथियम बॅटऱ्यांचे कंटेनर लावा, तर त्या तापतात, झिजतात, आगीची भीती वेगळीच.

गंमत म्हणजे याच तालुक्यात, चोंढे गावाजवळ, २००८पासून पाण्याची बॅटरी आहे : घाटघर प्रकल्प. घाटमाथ्यावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा. विजेला मागणी कमी असली की पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. २५० मेगावॅट! पण चढवायला लागते त्यापेक्षा कमीच वीज परत मिळते. शिवाय असा कडा सगळीकडे कुठून आणणार? आणि तलावाखाली जमीन जाते ती गावाचीच.

भातसा, तानसाचं पाणी आपण मुंबईत पितो. याच शहापुरात उन्हाळ्यात टँकर फिरतात. उद्या आपली वीजही इथेच साठवायची असेल, तर आधी काकांच्या घरातला दिवा रात्रभर टिकायला हवा. एवढं तरी?